जुन्या छोट्या विमानांतलं अ‍ॅस्बेस्टॉस: ब्रेक, गॅस्केट, फायरवॉलवर हात चालवणाऱ्यांसाठी

हँगरकर:

एक-दोन इंजिनांची छोटी विमानं सांभाळणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि बांधणाऱ्या लोकांसाठी हा धागा काढतोय. मोठ्या विमान कंपन्यांच्या शॉपमध्ये धोकादायक साहित्याच्या याद्या असतात, हवेची मोजमापं होतात, अधूनमधून प्रशिक्षणही होतं. छोट्या हँगरमध्ये मात्र तीन-चार माणसं चाकापासून मॅग्नेटोपर्यंत सगळं करतात, आणि समोर उभं असलेलं विमान बहुतेकदा त्यांच्यापेक्षा वयाने मोठं असतं. १९४०च्या दशकात बनलेली विमानं आजही उडतात. त्या काळी उष्णता अडवायची म्हटलं की बारीक तंतूंचं, उष्णतेला न जुमानणारं खनिज म्हणून हाताशी येणारी पहिली वस्तू अ‍ॅस्बेस्टॉस होती.

सगळ्यात जास्त संबंध येतो तो ब्रेक लायनिंगचा, म्हणजे ब्रेकमध्ये घासून झिजणाऱ्या थराचा. त्यानंतर एक्झॉस्टच्या फ्लँजवरची गॅस्केटं, म्हणजे जोडातून गळती होऊ नये म्हणून मध्ये दाबलेल्या चकत्या. इंजिनाच्या ऑइल स्क्रीनच्या प्लगखाली बसणारी तांब्याची क्रश गॅस्केटं तुम्ही हजारदा हाताळली असतील. त्यातला जुना ए.एन. ९०० प्रकार म्हणजे तांब्याच्या वेष्टनात भरलेलं अ‍ॅस्बेस्टॉस. हल्ली त्या जागी एम.एस. ३५७६९ ही निव्वळ तांब्याची येतात. इंधनाच्या आणि ऑइलच्या होजवरची जुनी फायर स्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण), एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या वायरींचं इन्सुलेशन, काही जुन्या फायरवॉलमध्ये (इंजिनामागची आग अडवणारी भिंत) दोन पत्र्यांच्या मध्ये दाबलेला थर, हेही आलंच.

पण मला बोलायचंय ते एका सवयीबद्दल. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर उघडला, आत राखाडी-काळी भुकटी दिसली की हात आपोआप एअर गनकडे जातो. एक फुर्रर्र, आणि भाग स्वच्छ. ती भुकटी सगळी खाली बसत नाही. दिसते तेवढी बसते. श्वासातून गेले तर कर्करोग करू शकणाऱ्या ज्या तंतूंची भीती आहे ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि बंद जागेत तासन् तास तरंगत राहतात. शेजारी प्लग बदलणारा, चहा घेऊन आलेला, कागदपत्रं भरत बसलेला, सगळेच तीच हवा घेतात. हँगरमध्ये आजपासून एकच गोष्ट बदलायची असेल तर ब्रेकवर हवा मारणं बंद करा, एवढं मागणं आहे.

जुना_फिटर:

चांगला विषय काढलास. आमच्या उमेदवारीत याचं नावही कुणी काढत नसे. लायनिंग बदलायचं म्हणजे जुने रिव्हेट पंचने काढायचे, नाहीच निघाले तर ड्रिल मारायचं. नवं लायनिंग प्लेटवर नीट बसत नसेल तर कानसीने कड मारायची. विस्तार नळीचे जुने ब्रेक ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवत असेल, आत रबरी नळी फुगते आणि चहूबाजूचे ब्लॉक ड्रमवर दाबले जातात. ते ब्लॉक ड्रमला घासत असतील तर घासून गोलाई जुळवायची. सगळं कोरडं, सगळं बाकावर, आणि काम संपलं की झाडूने गोळा.

एक भर घालतो. झिजलेल्या लायनिंगची भुकटी एकीकडे, पण नव्या लायनिंगवर ड्रिल, कानस किंवा ग्राइंडर चालवणं हे त्याहून वाईट. त्यातलं अ‍ॅस्बेस्टॉस अजून भाजलेलं नसतं.

शंकासुर:

धागा उपयोगी आहे, पण थोडं प्रमाणात बोलू या. ब्रेकमध्ये वापरलं जातं ते क्रिसोटाइल, म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस. ब्रेक तापला की त्यातलं बरंचसं क्रिसोटाइल फॉर्स्टेराइट नावाच्या दुसऱ्या खनिजात बदलतं. झिजेच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस बहुधा १ टक्क्याहूनही कमी सापडतं. मोटार मेकॅनिकांवरच्या अनेक अभ्यासांत मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) वाढल्याचं ठळक दिसलेलं नाही. हलक्या विमानांच्या ब्रेकवर केलेली मोजमापंही मर्यादेखाली आली आहेत. लोकांनी घाबरून धंदा सोडावा असं काही नाही.

सूक्ष्मदर्शी:

मी नमुने तपासण्याच्या कामात आहे. शंकासुर यांनी मांडलेले मुद्दे खरे आहेत, पण ते कुठवर पुरतात ते बघायला हवं.

फॉर्स्टेराइट होण्यासाठी तापमान बरंच चढावं लागतं, ढोबळमानाने ८०० अंश सेल्सियसच्या आसपास. घर्षणाच्या पृष्ठभागावर क्षणभर तेवढं होऊ शकतं, पण लायनिंगच्या अंगात, कडेला, रिव्हेटच्या भोकात तेवढी उष्णता पोचतेच असं नाही. जमिनीवर सावकाश टॅक्सी करणाऱ्या, म्हणजे चाकांवर चालणाऱ्या विमानात तर नाहीच. शिवाय १ टक्का हे वजनातलं प्रमाण. तंतू इतके बारीक असतात की वजनाने नगण्य असलेल्या चिमटीतही त्यांची संख्या प्रचंड निघते.

आता मर्यादेबद्दल. अमेरिकेच्या ओशाची, म्हणजे कामगार सुरक्षा संस्थेची, मर्यादा १९९४पासून आठ तासांच्या सरासरीला दर घन सेंटिमीटर हवेत ०.१ तंतू अशी आहे. ऐकायला शून्यासारखी वाटते. एक घनमीटर म्हणजे दहा लाख घन सेंटिमीटर, म्हणजे घनमीटरमागे एक लाख तंतू. काम करणारा माणूस पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा घेतो. मर्यादेच्या आत राहूनही दिवसाला दहा लाख तंतू नाकाशी आले. ओशाने स्वतःच मांडलेल्या हिशेबानुसार ४५ वर्षं या पातळीवर काम केलं तर दर हजार कामगारांमागे ३ ते ४ जण यामुळे कर्करोगाने दगावतील. मर्यादा ठरवताना तेव्हा काय मोजता येतं आणि काय पाळता येतं हेही बघितलं गेलं होतं. युरोपीय संघाने २०२३च्या निर्देशात हीच मर्यादा दहापट खाली, ०.०१वर आणली.

आणि मोजणीची नेहमीची पद्धत फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शकाची. तिच्यात ५ मायक्रॉनपेक्षा लांब तंतूच मोजतात, आणि साधारण पाव मायक्रॉनहून बारीक असलेला तंतू दिसतच नाही. म्हणजे अहवालात आलेला आकडा हा हवेत असलेल्या सगळ्याचा आकडा नसतो.

शंकासुर:

आठ तासांचा हिशेब पटला. पण छोट्या हँगरमध्ये कुणी आठ तास ब्रेकच करत नाही. महिन्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास.

सूक्ष्मदर्शी:

बरोबर, म्हणून एकट्या ब्रेकमुळे होणारा धोका खाणीतल्या किंवा जहाजबांधणीतल्या कामगाराच्या आसपासही नाही. पण तोच माणूस त्याच आठवड्यात एक्झॉस्टची गॅस्केट खरवडतो, होजची स्लीव्ह कापतो, फायरवॉलमध्ये नवं भोक पाडतो. आणि थोड्या वेळाच्या जोरदार धुळीसाठी ओशाची वेगळी मर्यादा आहे: अर्ध्या तासाच्या सरासरीला दर घन सेंटिमीटर हवेत १ तंतू. ग्राइंडर किंवा वायर व्हील कोरड्या अ‍ॅस्बेस्टॉसवर लागलं की सरासरी काढायची वाट कुणी बघू नये.

छातीतज्ज्ञ:

वैद्यकीय बाजू थोडक्यात लिहिते.

अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढरं, तपकिरी, निळं, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या गट १मध्ये आहेत, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेलं आहे. फुप्फुस, स्वरयंत्र, अंडाशय आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. याखेरीज जास्त संपर्कात फुप्फुस आखडत जाण्याचा आजार होतो, त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. मेसोथेलिओमा कमी संपर्कातही झाल्याची उदाहरणं आहेत. १९६०मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या पट्ट्यातले ३३ रुग्ण मांडले, त्यात खाणीत कधीच न गेलेली, नुसती आसपास राहिलेली माणसंही होती.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे वेळ. संपर्क आणि आजार यांत २० ते ४० वर्षं जातात, कधी त्याहूनही जास्त. काम करताना खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, वास येत नाही. चाळिशीत काढलेला एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे काही घडलं नाही असा अर्थ होत नाही.

धूम्रपान करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं: अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ जास्त वाढतो. मेसोथेलिओमाच्या बाबतीत तसं दिसत नाही, पण धूम्रपान सोडायला पहिलं कारणच पुरेसं आहे.

माझ्याकडे दम लागतो म्हणून येणारे निवृत्त कारागीर व्यवसाय विचारला की "मेकॅनिक" एवढंच सांगतात. कृपा करून तपशील सांगत जा. त्याहून बरं, आत्ताच एक वही घाला: कोणतं विमान, साधारण कोणत्या सालचं, काय काम केलं, कोणत्या हत्याराने, मास्क होता का. तीस वर्षांनी हँगर नसेल, मालक नसेल, ती वही असेल.

आणि कामाचे कपडे घरी नेऊ नका. नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात अनेकदा आहे.

वेल्डर_तात्या:

इथे सगळे देखभालीबद्दल बोलताहेत, मी बांधणीबद्दल लिहितो. पोलादी नळ्यांचा सांगाडा गॅसने जोडायचा तेव्हा सांध्याशेजारच्या बुशिंगला किंवा आधीच ब्रेझ केलेल्या भागाला आच लागू नये म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस पाण्यात कालवून त्याचा लगदा थापत. ओला असेतो काही नाही. पण ज्योतीने तो वाळतो, कडक होतो, आणि सांधा झाला की हातोडीच्या टोल्याने फोडून काढायचा. धूळ तिथे उडते. सांधा सावकाश थंड व्हावा म्हणून वरून अ‍ॅस्बेस्टॉसची चादर टाकायचे, हातमोजे त्याचेच, बाकावरचा पत्राही त्याचाच. चादर जुनी झाली की तिच्या कडा पिंजल्या जायच्या आणि आपण ती झटकून घडी घालायचो.

आजही एखाद्या जुन्या शॉपच्या फळीवर असे हातमोजे किंवा दोरीचं भेंडोळं सापडतं. "चांगलं आहे, कशाला टाका" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ओलं करा, जाड पिशवीत बांधा, धोकादायक कचऱ्याच्या वाटेने जाऊ द्या.

साचेकाम:

बांधणीत फेनॉलिक रेझिनही विसरू नका. ब्रिटनमध्ये डुरेस्टॉस नावाचं साहित्य होतं, अ‍ॅस्बेस्टॉसच्या फेल्टमध्ये फेनॉलिक रेझिन मुरवलेलं. हलकं, कडक, उष्णतेला टिकणारं, त्यामुळे विमान उद्योगात साच्यांसाठी आणि काही भागांसाठी वापरलं गेलं. जुन्या काही चिकट पेस्टमध्येही घट्टपणासाठी अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळत. अखंड असताना यातून काही उडत नाही. जीर्णोद्धार करताना पॉलिश पेपर किंवा कटर लावला की उडतं.

घरचं_विमान:

मी स्वतः एक दोन आसनी लाकडी विमान बांधतोय, आराखडे बरेच जुने आहेत. त्यात फायरवॉलसाठी प्लायवूड, त्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचा पातळ थर आणि वर धातूचा पत्रा असं दिलंय. आता मधला थर कशाचा घ्यावा? एकाने सिरॅमिक फायबरची चादर सुचवली.

हँगरकर:

सिरॅमिक फायबर चालतं, बरेच लोक तेच घालतात. पण ते निर्धोक समजून हाताळू नका. तो रिफ्रॅक्टरी सिरॅमिक फायबर असेल तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्याच गट २बमध्ये येतो, म्हणजे कर्करोग करण्याची शक्यता आहे. कात्रीने कापा, करवतीने नको. मास्क लावून कापा, कडा अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद करा. बसवल्यावर तो पत्र्यामागे बंदिस्तच राहतो.

मुख्य काम पत्र्याचं आहे. अमेरिकी नियमांत १५ हजारांश इंच जाडीचा स्टेनलेसचा पत्रा फायरवॉलसाठी चाचणीशिवाय मान्य होता. अग्निरोधक म्हणजे साधारण २००० अंश फॅरनहाइटची ज्योत १५ मिनिटं सोसणं. मधला थर प्लायवूड वाचवण्यासाठी आहे. आणि हे स्वातंत्र्य तुमच्यासारख्या घरी विमान बांधणाऱ्यांना. प्रमाणित विमानात मनाने काही बदलता येत नाही. निर्मात्याचा किंवा मान्यताप्राप्त पर्यायी भागच घालावा लागतो. मोटारीचं पॅड कापून विमानाच्या ब्रेकला लावलेलं मी पाहिलंय, ते कुणी करू नये.

नवशिकी:

मी प्रशिक्षणार्थी आहे. दोन प्रश्न. समोरच्या भागात अ‍ॅस्बेस्टॉस आहे हे बघून ओळखता येतं का? आणि ब्रेक उघडताना नेमकं करायचं काय? आमच्याकडे साधा कापडी मास्क देतात.

सूक्ष्मदर्शी:

बघून ओळखता येत नाही, अनुभवी माणसालाही नाही. काचतंतू, सिरॅमिक आणि अ‍ॅस्बेस्टॉस भुकटीत सारखेच दिसतात. खात्री करायची तर प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली. नमुना घेताना ती जागा साबणाच्या पाण्याने भिजवा, नखाएवढा तुकडा पुरतो, एका पिशवीत घालून ती दुसऱ्या पिशवीत बंद करा, वर विमानाचा आणि भागाचा क्रमांक लिहा. कापलेली जागा टेपने झाका.

आणि "नवीन डबा आहे, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस नसणारच" हेही धरून चालू नका. ऑस्ट्रेलियात २००३च्या अखेरीस पूर्ण बंदी आली, तरी २०१२मध्ये आयात केलेल्या हजारो नव्या मोटारींच्या गॅस्केटांत ते सापडलं आणि गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अमेरिकेत पर्यावरण संस्थेची १९८९ची बंदी १९९१मध्ये न्यायालयाने बहुतांशी रद्द केली, क्रिसोटाइलवर पुन्हा बंदी यायला २०२४ उजाडलं. त्या संस्थेच्या तपासणीत नासाचं सुपर गपी हे अवाढव्य मालवाहू विमानही आलं होतं, कारण त्याच्या ब्रेकमध्ये अजून अ‍ॅस्बेस्टॉस वापरात होतं. मग जुन्या साठ्यातला, कधी न उघडलेला लायनिंगचा डबा कुणी स्वस्तात विकायला काढला तर तो किती सालचा आहे हे विचारलंच पाहिजे.

हँगरकर:

कापडी मास्क इथे कामाचा नाही. सर्जिकलही नाही, एन ९५ही यासाठी पुरेसा मानत नाहीत. अर्धा चेहरा झाकणारा रबरी मास्क आणि पी १०० फिल्टर हवेत, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसतो का हे तपासलेलं हवं. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. पण मास्क शेवटी. आधी धूळच उडू नये.

आमची पद्धत अशी. विमान जॅकवर घेतलं की त्या बाजूचा पंखा बंद, आसपास दुसरं काम नाही. चाकाखाली प्लास्टिक अंथरायचं. पाण्यात थोडा भांडी धुण्याचा साबण घालून फवारणीच्या बाटलीत भरायचं. कॅलिपर सोडण्याआधीच हलका फवारा मारायचा, जोरात नाही, नुसतं भिजेल एवढा. बाटलीचं टोक धुक्यावर ठेवा, धारेवर ठेवलं तर पाणीच भुकटी उडवतं. मग बोल्ट काढायचे, मागच्या प्लेटा निघाल्या की परत फवारा. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं घडी घालत पुसायचं, एकदा वापरलेली बाजू परत लावायची नाही. फडकं न वाळवता तसंच पिशवीत. रिव्हेट पंचने दाबून काढायचे, लायनिंग ओलं ठेवूनच. ड्रिलची वेळ आली तर तोही ओला आणि मंद.

व्हॅक्यूम वापरणार असाल तर हेपा फिल्टरचाच, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. घरगुती व्हॅक्यूम एका तोंडाने ओढतो आणि दुसऱ्या तोंडाने खोलीभर पसरवतो. ओशाने मोटारींच्या ब्रेक-क्लचसाठी लिहिलेल्या पद्धतीही याच धर्तीच्या आहेत, कोरडं झाडणं आणि नुसती हवा मारणं त्यांत बसत नाही.

एक्झॉस्टच्या गॅस्केटला वायर व्हील लावू नका. भिजवून ठेवा, पातळ पट्टीने खरवडा. तांब्याचं ए.एन. ९०० कापू नका, फोडून बघू नका, एकदा निघालं की टाकूनच द्या. जुनी फायर स्लीव्ह उभी चिरायची वेळ येते तेव्हा पूर्ण होज बदलून टाकणं सोपं पडतं. तशीही तिची मुदत बहुधा संपलेलीच असते.

जुना_फिटर:

नवशिकी, पोरी, वरिष्ठ "हवा मार" म्हणाले तर भांडत बसू नकोस. "काका, पाण्याने करते, पाच मिनिटं जास्त लागतील" म्हण आणि बाटली घे. काम नीट झालेलं दिसलं की कुणी काही बोलत नाही. आणि एअर गनची नळी ब्रेकच्या ट्रॉलीपासून लांब टांग. हाताशी असली की हात जातोच.

शंकासुर:

याला माझा पूर्ण दुजोरा. खर्च जवळपास नाही आणि हवेत जाणारं थांबतं. माझा आक्षेप घाबरवण्याला होता, बाटलीला नाही.

नवशिकी:

सगळ्यांचे आभार. फिटरकाका, नक्की. एक शेवटचं: पाण्याने ब्रेकला काही होत नाही ना? डिस्कला गंज, ओ-रिंगला, म्हणजे आतल्या रबरी सीलला काही?

हँगरकर:

ओ-रिंगला साबणाच्या पाण्याने काही होत नाही. तिला खरी भीती चुकीच्या द्रवाची. लाल खनिज तेलावर चालणाऱ्या ब्रेकच्या सिलिंडरला मोटारीचं ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर लावू नकोस. साध्या पोलादी डिस्कवर मात्र काही तासांत तांबूस थर येतो, म्हणून पुसून लगेच कोरड्या फडक्याने फिरव. बेअरिंगमध्ये पाणी जाऊ देऊ नकोस, चाक उतरवल्याबरोबर ती काढून बाजूला ठेव. बऱ्याच प्रचलित डिस्क ब्रेकमध्ये लायनिंग इंचाच्या दहाव्या भागापर्यंत झिजलं की बदलायचं असतं, तेव्हा जुनं भिजलं तरी हरकत नाही. नवं लायनिंग कोरड्या, स्वच्छ डिस्कवर बसव आणि मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे टॅक्सी करून कंडिशनिंग कर. ऑर्गॅनिक आणि मेटॅलिक लायनिंगची पद्धत वेगळी असते, डब्यावर काय लिहिलंय ते आधी बघ.